रविवारचा शिळा फोटो

असे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चहा घेता घेता एकीने एक सांगितला की दुसरीला दुसरा आठवतो, आणि बघता बघता पोतं भरतं. माझ्या पोत्यातले बहुतेक किस्से एकाच चुकीतून निघालेत. ती चूकही माझीच!

बंगळुरात सहा वर्षं कॉम्प्युटर शिकून मी तेलगावला परत आले, तेव्हा वाटलं होतं, इथे काहीतरी मोठं उभं करायचं. आई-बाप ऊस तोडायला गेले तरी लेकरांपासून तुटणार नाहीत, असं काहीतरी! प्रत्यक्षात वाट्याला आलं ते ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांचं एक छोटं वसतिगृह, एक लॅपटॉप आणि दिवसभर वाजणारा फोन. “ताई, फोटो जुनाच दिसतोय!”

त्याचं असं होतं. दर रविवारी सगळ्या मुलांना ओट्यावर बसवून मी फोटो काढायचे आणि वसतिगृहाच्या वेबपेजवर टाकायचे. आई-बाप कर्नाटकात असोत की कोल्हापुराकडे, त्यांनी मोबाइलवर बघायचा. पण ब्राउझर एकदा आणलेलं चित्र स्वतःजवळ साठवून ठेवतो. त्या साठ्याला कॅशे म्हणतात. मी दर आठवड्याला नवा फोटो जुन्याच नावाने टाकत होते, त्यामुळे फोनला वाटायचं, हा तर आपल्याकडे आहेच. मग तो जवळचाच काढून दाखवायचा.

स्वयंपाक करणाऱ्या गंगूमावशींना हे समजावून सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाल्या, “म्हंजी शिळं वाढतंय म्हना की! आमी लेकरांला कदी शिळं वाढलं न्हाई. तुमचा मोबाइल आई-बापाला का म्हून वाढतोय?”

*

पहिली तक्रार सोपानभाऊंची. त्यांचा मुलगा आमच्याकडे चौथीत.

“ताई, माज्या पोराला एकच सदरा हाय का? चार रविवार झाले, लालच! दिवाळीला दोन शिवलेत मी!”

मी मुलालाच फोन दिला. तो म्हणाला, “बापू, मी निळा घातलाय.”

“खोटं नको बोलू बे! माज्यासमोर तू लाल सदऱ्यात बसलाय!”

मी त्यांना कॅशे पुसायला सांगितलं. जमलं नाही. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, आवाजात नुसता आनंद. “ताई, निळा दिसला! नारायणगडाला नारळाचा नवस बोललो होतो.”

मी म्हटलं, “भाऊ, साठवलेल्या फोटोला मुदत असते. ती संपली, म्हणून नवा आला.”

“बराबर हाय. पन ती संपवली कुनी?”

*

एका ऊसतोड टोळीचे मुकादम मोठे हुशार. सेटिंगमध्ये मी सांगितलं तिथवर अचूक पोचले.

“आता ‘क्लिअर’ दाबा.”

“थांबा ताई. हितं लिवलंय, पुसलेलं परत आनता येनार न्हाई.”

“हो, तसं लिहिलेलं असतंच. दाबा.”

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा मोठ्याने वाचली. मग म्हणाले, “वीस वर्सं टोळी घेऊन जातोय. जातंय ते परत येनार न्हाई, असं आदीच सांगनारा हा पयलाच भेटला!”

त्यांनी दाबलं नाहीच.

*

मग मी मुलांच्या हातात पाटी दिली. पाटीवर तारीख लिहायची, म्हणजे फोटो कधीचा ते आई-बापांना कळेल. दुसरीतली आरती तारीख पुसून मोकळी झाली आणि तिने लिहिलं, “आई मी जेवले.”

तिसऱ्या आठवड्यात तिच्या आईचा, रुक्मिणीचा, फोन. “ताई, जेवले म्हनती खरं. पन कदी?”

*

रुक्मिणीला मी पान खाली ओढून ताजं करायला शिकवलं. सोपं असतं ते. बोट टेकवायचं आणि ओढायचं.

“बोट लागत न्हाई ताई.”

“ओलं असेल, पुसा.”

“कोरडं हाय. उसाच्या पाचटानं कातडं गेलंय, फोन वळखत न्हाई बोटाला.”

दुसरा काही उपाय आहे का, ते मी शोधू लागले. तेवढ्यात पलीकडून बायकांचा मोठा हशा ऐकू आला.

“काय झालं?”

“नाकानं वडलं ताई! लगीच आलं!”

त्या दिवसापासून तिच्या टोळीतल्या सगळ्या बाया नाकानेच फोटो ताजा करू लागल्या. गंगूमावशी म्हणाल्या, “मुकं घेतल्यावानीच झालं की ते.”

*

पण मी पडले शिकलेली. लोकांनी नाक का घासावं? एका शनिवारी बसले आणि कायमचा इलाज केला. वेबपेजमध्ये एक ओळ लिहिली. ब्राउझरला हुकूमच सोडला म्हणा ना: काहीही साठवायचं नाही, दर वेळी नवंच आणायचं.

रविवारी नवा फोटो टाकला. आरतीचे पुढचे दोन दात आदल्याच दिवशी पडले होते आणि ती तोंडभर हसत होती. आठवडाभर एकही तक्रार नाही! मी गंगूमावशींना म्हटलं, “बघा, आता ताजंच वाढतंय!”

पुढच्या रविवारी संध्याकाळी रुक्मिणीचा फोन आला.

“ताई, दात पडल्याला फोटो बघितला. लई हसले मी. सडकंवर रेंज असती, तितं बघितला.”

“छान! मग?”

“मग उसाच्या फडात गेले. दुपारी भाकर सोडली, फोन उगडला, तर नुसतं पांढरं.”

“फडात रेंज नसेल.”

“तितं कदीच नसती. पन पयलं दिसत व्हती. शिळी का आसंना, जेवताना समोर बसलेली असायची.”

मी घाईघाईने तिला फोटो फोनमध्ये ठेवून घ्यायची युक्ती सांगू लागले. ही दोन बटणं एकदम दाबायची, मग इथे जायचं, मग तिथे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“करते ताई. पयलं काईच दाबावं लागत न्हवतं.”

मागून कोणीतरी तिला हाक मारली. फोन ठेवताना ती म्हणाली, “आट दिस झाले, मी सडकंवर येऊन जेवते.”

सकाळी भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला तेव्हा मी लॅपटॉप उघडला. ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी दुसरी लिहिली: नवा मिळाला तर नवा दाखव, नाही मिळाला, तर आहे तो सोडू नकोस.