इसाजी हवालदाराचं बंद दार

आमच्या कामोठ्यात पोलिसाबद्दल चांगलं बोलणारी मी एकटीच. हसा, खुशाल हसा! पण इसाजी हवालदाराचं नाव निघालं की आधी गप बसून ऐकायचं.

इसाजी पनवेलचा, बेनेइस्राएल ज्यू. बाप तेलाचा घाणा चालवायचा. शनवारी घाणा बंद, म्हणून सगळे त्यांना शनवार तेली बोलायचे. पोरगा पोलिसात गेला. उंच, सडसडीत, आणि आवाज इतका हळू की हा चोर कसा धरतो, असंच वाटायचं.

दारूबंदीचे दिवस होते. माझ्या नवऱ्याची, गणूची, खाडीकडेला तिवरांच्या झाडीत हातभट्टी होती. होती ती होती, खोटं कशाला बोलू? एका दुपारी ओहोटीला पोलीस आले. बाकीचे चिखलातून पसार झाले. गणू होडीकडं धावला, तर इसाजीनं त्याच्या कमरेला मागून मिठी घातली. "गणू, मुकाट चल," एवढंच बोलला. गणूनं वल्हं उचललं आणि हाणलं त्याच्या हातावर. हवालदार खाली पडला, तरी परत हाणलं. उजवं मनगट मोडलं ते कायमचं वाकडंच राहिलं. हवालदाराची नोकरी गेली. गणूला पाच वर्षांची सजा झाली.

पुढल्या पावसात भरतीनं आमचा बांध फोडला. शेतात खारं पाणी शिरलं, आणि बांध घालायला घरात बाप्या माणूस नाय. पोरांना काय माती खायला घालू? गावानं सरकारकडं दयेचा अर्ज केला. कचेरीतला साहेब बोलला, ज्याचा हात मोडला त्याची हरकत नसेल तर बघू. म्हणजे सगळं इसाजीच्या शब्दावर आलं.

मी टोपलीत चांगला ताजा जिताडा मासा घेतला आणि चालत पनवेल गाठलं. बघते तर त्याचं दार बंद, खिडक्या बंद. हाका मारल्या, कडी वाजवली. फटीतून बघितलं, तर घरातली सगळी पांढऱ्या कपड्यांत बसलेली. कोण गेलं की काय? पण रडं तर नाय. हवालदारानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

झालं, माझं डोकं फिरलं! "एवढा माज? एका हातापायी माझं अख्खं घर बुडवता? तुमचा देव बघतोय वरून!" काय काय बोलले, आता सांगायची लाज वाटते. जिताडा उचलून दारावर फेकला, तो मांजरानं नेला. आळी जमली होती, पण माझं तोंड सुटलं की मध्ये बोलायची कुणाची टाप हाय! बोंबलत घरी आले. संपलं सगळं, असं धरून बसले.

दुसऱ्या दिवशी बघते तर हवालदार माझ्या अंगणात. मागं त्याची बायको फ्लोराबाई, तोंड फुगलेलं.

"काल आमचा दारं लावायचा सण होता, वेणू," तो बोलला. "उपास असतो. बाहेरच्या माणसाशी बोलायचं नसतं. दिवसभर आत बसून मी देवाकडे माफी मागत होतो, आणि दाराबाहेर तू माफी मागत होतीस. मी नुसता ऐकत बसलो. तेवढ्यासाठी मला माफ कर."

अगो बाय! मी शिव्या घातलेल्या, आणि हा माणूस त्याला माफी मागणं बोलतो! मला रडूच कोसळलं. मी पाय धरले. "हवालदार, साहेबाला एवढंच सांगा, चुकून लागलं."

"चुकून नाही लागलं," तो बोलला.

कचेरीत मी त्याच्या मागं उभी होते. साहेबानं विचारलं, त्यानं जाणूनबुजून मारलं का? "हो," इसाजी बोलला. "पहिला टोला सुटायला मारला. दुसरा मला मारायला." मी मनात बोलले, मेले! तेव्हा त्यानं तो वाकडा हात टेबलावर ठेवला. "पण साहेब, माझी हरकत नाही. त्याला सोडा. त्याच्या घरी बांध फुटलाय."

सरकारनं उरलेली सजा माफ केली. पेरणीच्या आत गणू घरी आला, बांध उभा राहिला. त्या शेताचा पहिला भात खाताना मी हवालदाराच्या नावानं हात जोडले, आजही जोडते. असा माणूस दुसरा बघितला नाय.

सुटून आल्यावर गणू पहिला पनवेलला गेला, मी सोबत होते. हवालदार डाव्या हातानं जेवत होता, बायको भाकरीचे तुकडे करून देत होती. उंबऱ्यावरच डोकं टेकून गणू लहान पोरासारखा रडायला लागला.

फ्लोराबाई उठली. "ह्यांनी माफ केलंय," ती बोलली. "मी नाही केलं अजून. रोज ह्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावते. मला नाही जमत."

गणू उठून निघाला, तर तिनं ताट आपटून पुढं ठेवलं.

"निघाला कुठं? जेवायला बस."