वामनभाऊंची गाडी आणि माझे तीन गुण

व्हिडिओ गेम सुरू करण्याआधी आमच्या शेजारचे वामनभाऊ एक फाईल उघडत. मोटार-शर्यतीच्या एकाच जुन्या गेमवर निरनिराळ्या मासिकांत आलेली परीक्षणं तिच्यात डकवलेली होती. कुणी दहापैकी नऊ दिलेले, कुणी चार. चारवाल्याने लिहिलं होतं, 'देखावे तेच ते, गाड्या मंद.' भाऊ म्हणत, "नऊवाला खेळला. चारवाल्यानं नुसतं पाह्यलं."

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, नियंत्रण कक्षात त्यांची सारी नोकरी गेली. "काट्यापाशी सोता गेल्याबिगर रीडिंग लिहाचं नाई," हा तिथला नियम ते घरीही पाळत. निवृत्तीनंतर छातीने दगा दिला. फाटकापर्यंत जाताना दोनदा थांबत. पडद्यावरच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर मात्र सुसाट सुटत. "इथी मले दम लागत नाई," म्हणत.

मी तेव्हा एका मासिकात जुन्या गेमांवर सदर लिहायचो आणि स्वतःला समीक्षक समजायचो. भाऊ मला पत्रकार म्हणत. एकदा म्हणाले, "पत्रकार, आपल्या इथल्या मानसानं हिच्यावर काऊन नाई लिहिलं? मी आहो तवर लिहून टाक ना."

एका दुपारी त्यांनी मला टीव्हीसमोर बसवलं, हाती गेमचा रिमोट दिला आणि चहा ठेवायला आत गेले. मी घाम गाळला. उजवीकडे दाबावं तर गाडी डावीकडे. तिसऱ्या वळणावर दर वेळी त्याच पाटीला धडकायची. मी मनात नोंद केली, रचना सदोष. चहा येईपर्यंत माझा अभ्यास पूर्ण झाला होता. छापून आलं, 'गाडी चालवणाऱ्याचं ऐकत नाही. दहापैकी तीन.'

तो अंक मीच मोठ्या ऐटीत नेऊन दिला. भाऊंनी दोनदा वाचला.

"तिसऱ्या वळनावर पाटीले धडकते म्हनतं?"

"दर वेळी, भाऊ."

त्यांनी बंद टीव्हीकडे पाहिलं. "भाषा चांगली आहे तुही," एवढंच बोलले आणि चारही कोपऱ्यांना खळ लावून माझं परीक्षण फायलीत डकवलं. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी तो गेम कधी लावला नाही.

त्या उन्हाळ्यात भाऊ गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या मुलीने, सुनंदाने, फाईल माझ्या हाती दिली. "याच्यात तुमचंही आहे. घरी कोन वाचते आता?"

माझ्या परीक्षणाशेजारी, लॉगबुकातल्यासारखी वेळ घालून, भाऊंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "रिमोटची वायर लावली नव्हती. गेम नमुना दाखवाले आपली आपनच चालून राह्यली होती. चूक माझी. त्याले सांगाचं नाई."

सुनंदाला विचारून मी वायर लावली. गाडी माझ्या अंगठ्यासरशी वळली. तिसऱ्या वळणावर ती पाटी उजव्या हाताला गुमान निघून गेली.

मासिकाने सदर कधीच बंद केलं होतं. मग भाऊंच्या नोंदीखालीच वेळ घातली आणि लिहिलं, नऊ. लॉगबुकात पुढच्या पाळीवाल्याची सही लागते, असं भाऊ सांगायचे. ती जागा सोडून मी फाईल मिटली.