शेवंतीकाकीची विहीर

इब्रामपूरच्या शेवंतीकाकीला आपल्या विहिरीचा अभिमान होता, आणि तो तिने कधी लपवला नाही. सासऱ्यांनी खणलेली ती विहीर मे महिन्यातही आटत नसे. तिच्यावर काकीचा तांबड्या भाजीचा, म्हणजे लाल माठाचा, आणि मुळ्यांचा मळा चाले. शेजारची तीन घरं प्यायचं पाणी तिथूनच नेत. नळ आला तरी त्यांनी कळशी सोडली नव्हती.

पंचायतीच्या सभागृहात भाजी पिकवणाऱ्यांसाठी प्रशिक्षण लागलं, तेव्हा काकी गेली ती पावसाचं काहीतरी कळेल म्हणून. दोन वर्षं सरत्या ऑक्टोबरात धो धो पाऊस येऊन कोवळी रोपं वाहून गेली होती. शिकवणारी तनया डिचोलीची. तिने उंच वाफे, पाणी काढून द्यायचे चर, सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "बाजारात नेण्याआधी भाजी कसल्या पाण्यात धुता?"

"बांयच्या," काकी म्हणाली, म्हणजे विहिरीच्या. "व्हाळाच्या पाण्याक मी हात लावत नाय. वरच्या अंगाक ह्याच्या म्हशी बसतत." तिने शेजारच्या बाबाजीकडे बोट केलं. लोक हसले.

तनयाने छोट्या बाटल्या वाटल्या. पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर त्यात शेणा-मैलातले जंतू आहेत असं समजायचं. काकीने दोन नेल्या. एक विहिरीची, एक व्हाळाची, म्हणजे ओढ्याची, बाबाजीला दाखवायला.

दोन्ही काळ्या पडल्या. एकीचं पाणी दुसरीत मिसळलं असेल म्हणून तिने तनयाकडून आणखी एक बाटली आणून विहिरीचं पाणी पुन्हा भरलं. तेही काळं.

काकीने बोलावल्यावर तनया येऊन विहिरीभोवती फिरली. वरच्या बाजूला, पंधरा पावलांवर काकीचाच शेणखताचा खड्डा होता.

"काकी, हा भरून वाहतो का कधी?"

ऑक्टोबरातल्या पावसात खड्ड्यातून वाहिलेलं तांबूस पाणी थेट कठड्यावरून विहिरीत गेलेलं काकीने पाहिलं होतं. ती म्हणाली, "वाहता."

त्याच संध्याकाळी ती तिन्ही घरी गेली. बाबाजीकडे शेवटी.

"माझ्या बांयचा पाणी पिऊ नको. खराब आसा."

"कोणी सांगल्यान?"

"कोणी कित्याक सांगूक होया? मी बघलंय."

बाबाजीने विचारलं, "आणि व्हाळाचा?"

"ता पण काळाच."

"मगे आपण सारखीच, वयनी."

काकी हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी बाबाजी कुदळ घेऊन आला आणि दोघांनी मळ्याच्या खालच्या टोकाला नवा खड्डा खणायला घेतला. जुना बुजवला, कठडा दीड हात चढवला, विहीर उपसून आत जंतू मारायचं औषध टाकलं. तोवर काकी नळाच्या पाण्यात धुता येईल तेवढीच भाजी पेडण्याच्या बाजारात नेई.

फेब्रुवारीत बाटली काळी पडली नाही. दोन घरं पुन्हा पाणी नेऊ लागली. तिसऱ्या घराला नळाची सवय झाली होती. काकीने त्यांना काही विचारलं नाही. पुढच्या ऑक्टोबरात पाऊस आलाच. उंच वाफ्यांतली भाजी तगली. सखल भागातले मुळे कुजले.