गुपचूप वहिनी आणि न वाढलेलं भाडं

रियाधला आल्याच्या तिसऱ्याच दिवशी मी आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकले. कडेवर दोन वर्षांची ईरा, हातात दुधाचा कॅन आणि वरचा दिवा गेलेला. "अगं आई गं" करत मी दार बडवायला लागले. तेवढ्यात बाहेरून अगदी हलक्या आवाजात मराठी ऐकू आलं, "घाबरू नका. पण ओरडूही नका. मालक खाली ऑफिसात बसलाय." पुढची दहा मिनिटं तो आवाज दाराच्या फटीतून माझ्याशी गप्पा मारत होता. गाव कोणतं, मिस्टर काय करतात, घराचं भाडं किती ठरलं. मी आकडा सांगितला. मग आवाज म्हणाला, "फसवलं तुम्हाला." शेवटी बिल्डिंगचा राखणदार शफीकभाई पाना घेऊन आला आणि दार उघडलं. समोर घाईघाईने अबायाचा काळा झगा चढवलेल्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या पन्नाशीच्या बाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या.

या आमच्या माळीवहिनी. आमच्या मलज भागातली सगळी मराठी घरं त्यांना गुपचूप वहिनी म्हणायची, आणि हे त्यांना ठाऊकही होतं. त्या आमच्याच मजल्यावर, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. आजूबाजूची भाडी दरवर्षी जिने चढत होती, काही ठिकाणी तर लिफ्टने जात होती. वहिनींचं भाडं मात्र त्या राहायला आल्या त्या दिवशी होतं तेवढंच होतं. याचं रहस्य त्या सगळ्यांना मोकळ्या मनाने सांगायच्या. "भाडं महागाईने वाढत नाही गं. मालकाला आपली आठवण झाली की वाढतं. त्याला आठवण होऊ द्यायची नाही. संपलं."

आठवण होऊ न देण्यासाठी त्या जे करायच्या ते बघण्यासारखं होतं. रस्त्याकडच्या खिडकीला त्यांनी विटका पडदा लावला होता आणि त्याच्या आत, फक्त स्वतःसाठी, छान मोरपंखी पडदा. नवीन गाडी घेतली तेव्हा माळीसाहेबांना ती दोन गल्ल्या सोडून लावायला लागायची. फ्रीज घेतला तो शुक्रवारी नमाजाच्या वेळी, मालक मशिदीत असताना वर चढवला, तोही जुन्या चादरीत गुंडाळून. शफीकभाईने विचारलं, "भाभी, ये क्या है?" वहिनी म्हणाल्या, "पुराना कपाट." आता त्या चादरीतून ठळक अक्षरांत कंपनीचं नाव असलेलं खोकं डोकावत होतं, पण शफीकभाई भला माणूस. त्याने कपाट समजूनच तो फ्रीज उचलला.

घरात काहीही बिघडलं तरी मालकाला फोन करायचा नाही, हा तर पहिला नियम. बेडरूमचा एसी गळायचा, त्याखाली बादली. बाथरूमचा नळ माळीसाहेबांच्या जुन्या स्लिपरचा पट्टा कापून बांधलेला. स्वयंपाकघराचं दार बिजागरीतून निसटलेलं, ते सुतळीने अडकवलेलं. मला हे हास्यास्पद वाटायचं. आमचा गीझर बंद पडला तेव्हा मी ताडकन मालकाला फोन लावला. भाडं भरतो आपण, उपकार नाही करत कोणी. गीझर दुसऱ्या दिवशी बदलून मिळाला आणि कंत्राटाचं नूतनीकरण आलं तेव्हा भाडंही बदलून मिळालं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "पाणी छान तापतं ना आता?"

दर शुक्रवारी संध्याकाळी त्या फिरायला निघायच्या आणि मला बरोबर न्यायच्या. चौदा वर्षांत अरबीतला एकच शब्द त्यांना वाचता येऊ लागला होता, तो म्हणजे घरांवर लागणाऱ्या बोर्डावरचा 'भाड्याने'. बोर्ड दिसला की त्या थांबायच्या, तिथल्या राखणदाराशी हिंदीत बोलून आकडा काढून घ्यायच्या आणि तो ऐकून "या अल्ला" म्हणायच्या. सांगलीच्या माळ्यांच्या घरातली ही बाई संकष्टीला चंद्र दिसायची वाट बघता बघताही "या अल्ला" म्हणून जायची. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुम्हाला घर बदलायचं नाही, मग एवढी चौकशी कशाला?" त्या म्हणाल्या, "वादळ कुठवर आलंय ते बघायला नको?"

वादळाचा खरा हिशेब मात्र त्यांच्या बाल्कनीत होता. तिथे ऑलिव्हच्या रिकाम्या डब्यांत रोपं लावलेली होती. कढीपत्ता, तुळस, मोगरा, पुन्हा कढीपत्ता. एकही त्यांनी आणलेलं नव्हतं. भाडं वाढलं की रियाधमध्ये पुरुष राहतो आणि बायकामुलं परत जातात. पुरुष चारजणांत खोली घेतो, भांडी विकतो, आणि बायको जाताना कुंडी कोणाला तरी देऊन जाते. "ही दीपाची तुळस," वहिनी दाखवायच्या. "हा नसीमचा मोगरा, श्रीवर्धनची होती. चार दिवसांत आवरून गेली बिचारी." एकदा मी पाणी घालताना डबे मोजले. अकरा होते. वर्तमानपत्रात भाडेवाढीचे आलेख येतात, पण मला तो आलेख त्या बाल्कनीतच समजला.

आणि वहिनींना ही एवढी धास्ती का, तेही तिथेच समजलं. माळीसाहेब मुळात बोलायचे कमी. एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. लग्नानंतर नऊ वर्षं ते इथे एकटे, पाच जणांच्या खोलीत राहिले होते. मग फॅमिली व्हिसा झाला आणि वहिनी आल्या. "पहिल्या दिवशी मी ताट वाढलं," वहिनी सांगत होत्या, "तर हे ओट्याशी उभे राहून जेवायला लागले. म्हटलं, अहो, बसा ना. तर म्हणतात, जागा आहे का?" एवढं सांगून त्या हसल्या आणि मग तुळशीची वाळकी पानं खुडत बसल्या. "सहा महिने लागले मला त्यांना बसवायला. आता परत उभं नाही राहू द्यायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. तेवढी गुपचूप काढायची." त्या दिवसापासून मी त्यांच्या बादलीला हसणं सोडलं.

पण व्हायचं ते झालंच. खालच्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबाच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं आणि त्यांनी रीतसर तक्रार केली. गळती कुठली, तर वरच्या बाथरूमची, म्हणजे वहिनींच्या. कंत्राट संपायला बरोबर एक महिना उरलेला. शफीकभाईने निरोप आणला, असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर मालक स्वतः बघायला येतोय, साहेबांना घरी असू द्या. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या तासाभरात आम्ही दोघींनी मिळून त्यांचा मोरपंखी पडदा, नवा मिक्सर आणि गालिचा माझ्या घरात हलवला. टीव्ही हलवता येईना, तेव्हा त्यावर टॉवेल टाकला. माळीसाहेबांना ताकीद मिळाली, "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. विचारलं तर खोकायचं."

मालक आला. पांढऱ्या दाढीचा, काठी टेकत चालणारा माणूस, बरोबर शफीकभाई. तो आधी बाथरूममध्ये गेला आणि स्लिपरच्या पट्ट्याने बांधलेला नळ बघत राहिला. मग बेडरूममधली बादली. मग सुतळीचं दार. त्याने त्या सुतळीला हळूच बोट लावून पाहिलं. माळीसाहेब घाबरून ओट्याशी जाऊन उभे राहिले होते. मालकाने त्यांना विचारलं, हे असं कधीपासून? वहिनींनी डोळे मोठे केले, मी स्वतःच खोकून दाखवलं, पण त्या सरळ माणसाने आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत खरं ते सांगून टाकलं. एसी चार वर्षं, नळ सहा, दार आठ.

मग मालक जो सुरू झाला तो थांबेचना. काठी आपटत, हात हलवत, मध्येच बादलीकडे बोट दाखवत. वहिनी माझा दंड घट्ट धरून उभ्या होत्या. "संपलं गं," त्या पुटपुटल्या. "यांना खोली बघायला लागणार." अखेर मालक दम घ्यायला थांबला, तेव्हा शफीकभाईने घसा खाकरला. "बोलता है, बहुत शर्म का बात है. हमारे घर में मेहमान चार गर्मी बाल्टी रख के सोया, और हमको मालूम नहीं. कल आदमी आएगा, सब ठीक करेगा."

"और भाडा?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

शफीकभाईने विचारलं. मालक पहिल्यांदाच हसला आणि सावकाश काहीतरी म्हणाला. "बोलता है, उसका बेटा हर साल कागज लाता है, इस घर का भाडा बढाओ. ये हर साल बोलता है, नहीं. सारे बिल्डिंग से फोन आता है, ये एक घर से कभी नहीं आया. बोलता है, ये घर हमको सबसे पहले याद आता है."

मालक गेल्यावर माळीसाहेब खुर्चीत बसले, मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि वहिनी मात्र भिंतीला टेकून उभ्याच. "म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "चौदा वर्षं त्याला आपली आठवण होती?" त्यांचा हा धक्का पुढे आठवडाभर टिकला. दुसऱ्या दिवशी माणसं आली, नळ बदलला, दार बसवलं, नवा एसी लागला. वहिनींना त्यानंतर कितीतरी दिवस झोप येईना, कारण बादलीत पाणी पडायचा आवाज नाही. कंत्राट जुन्याच भाड्यावर पुढे गेलं. काही महिन्यांनी सरकारनेच रियाधमधली भाडेवाढ थांबवल्याची बातमी आली आणि आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरायला लागले. वहिनींनी त्याखाली फक्त एक ओळ लिहिली: "आमच्याकडे हे पहिल्यापासूनच आहे."

माळीसाहेब साठ वर्षांचे झाले आणि या वर्षी दोघं कायमचे परत गेले. मी सोडायला विमानतळावर गेले होते. आदल्या दिवशी अकराच्या अकरा डबे माझ्या बाल्कनीत आले होते, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून जिची कुंडी तिचं नाव लिहिलेलं. बॅगा आत गेल्या, तेव्हा वहिनींनी पर्स उघडून मला दोन बोर्डिंग पास दाखवले, एकाला एक लागून असलेल्या जागांचे. "बघ," त्या म्हणाल्या, "एकाच विमानात." या बिल्डिंगमधून मी किती कुटुंबांना निरोप दिला, पण जोडीने जाणारी ती पहिलीच. मला रडू आलं. वहिनींनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं आणि मग त्याच बोटाने माझे डोळे पुसले.

परवा त्यांचा सांगलीहून फोन आला. घर त्यांचं स्वतःचं, वर हे दोघं राहतात आणि खालच्या दोन खोल्या त्यांनी एका तरुण जोडप्याला भाड्याने दिल्यात. "मालकीणबाई झालात की!" मी चिडवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, आसपास सगळ्यांनी भाडी वाढवली. हे म्हणाले आपणही वाढवू थोडं. म्हणून मी बोलायला खाली गेले. पोरगी दारातच उभी राहिली, मला आत घेईना. म्हणते, काकू, सगळं छान आहे, काही त्रास नाही. मी तिला बाजूला करून आत गेले. मोरीत बघते तर नळाला चिंधी बांधलेली, आणि खाली बादली."



"मग?" मी विचारलं. "भाड्याचं बोललात?"

"छे गं," वहिनी म्हणाल्या. "मी तिला एवढंच विचारलं, नवरा इथेच असतो ना? ती म्हणाली, हो, इथेच. म्हटलं, बस मग. उद्या नळवाल्याला पाठवते."