आठ कोपऱ्यांचं कडं

भाऊ गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा मी मेहकरात त्याच्याच क्लासच्या खोलीत होते. पोरं अजून यायची होती. पंखा चालू होता आणि टेबलावर त्यानं बनवलेलं आठ कोपऱ्यांचं कडं वाऱ्यानं डुलत होतं... टक, टक. वहिनी फोनवर रडत होती आणि माझं मेलं सगळं लक्ष त्या टकटकीत. आता महिना होत आला, पण ती काही कानातून जात नाही. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तरी मी दचकून वळते.

मधुकरभाऊ माझा थोरला. बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवायचा. जानेफळहून रोज एसटीनं यायचा आणि उतरल्यापासून बोलायलाच लागायचा. मलाही त्यानंच शिकवलं, पुढं मी त्याच्याच हाताखाली अकरावी घ्यायला लागले. एखादा रेणू ॲरोमॅटिक, म्हणजे खास स्थिर, आहे की नाही हे कसं ओळखायचं, हा त्याचा जीव की प्राण धडा. त्यासाठी शेतातल्या तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, तासून, तारेनं बांधून तो रेणूंची कडी करायचा. बेंझिनचं सहा कोपऱ्यांचं कडं टेबलावर भाकरीसारखं सपाट बसायचं. आठाचं मात्र त्यानं मुद्दाम वाकवून बांधलेलं. चार कोपरे खाली, चार वर, आणि खालच्यातलाही एक अधांतरी.

पोरांची खोड एकच, कड्याचं चित्र दिसलं की इलेक्ट्रॉन मोजत सुटायचं. मीही त्यातलीच होते. सहा आले की ॲरोमॅटिक म्हणजे सुखी, आठ आले की अँटी म्हणजे दुःखी, लिहून मोकळं! भाऊ डोक्यात टपली मारायचा. "मोजून काऊन राह्यली? आधी पाह्य, कडं बंद आहे का? सपाट आहे का? सगळ्या कोपऱ्यायनं एकमेकाचे हात धरले का? मंग मोज." मग आठाचं कडं हातात घेऊन सांगायचा, "याले सपाट निजवलं तं हे आठ इलेक्ट्रॉन याचा जीव घेतील. म्हून हे बापडं वाकते. वाकलं म्हून वाचलं. हे ॲरोमॅटिकही नाही अन् अँटीही नाही. नुसतं नॉन." मी चिडवायची, "तू वाकला का रे कधी कोणापुढं?" त्यावर हसायचा आणि कडं परत टेबलावर ठेवायचा.

त्याचा शेवटचा तास झाला तेव्हा मी मागच्या बाकावर पेपर तपासत होते. भाऊनं फळ्यावर आठ कोपऱ्यांचं चित्र काढलं आणि शेजारी ठळक लिहिलं, अँटी-ॲरोमॅटिक. पोरांना वाटलं, सर फिरकी घेताहेत. सर आता खडू आपटतील, कुणाला तरी धरतील, म्हणून ती हसू दाबून बसली. भाऊनं खडू ठेवला, हात झटकले आणि निघाला.

मी त्याला दारात गाठलं. "भाऊ, आठाचं चुकलं."

"काऊन? मोज ना. आठच तं आहेत."

मी टेबलावरचं कडं आणून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं... बराच वेळ. मग माझ्याकडं बघून विचारलं, "हे कोनं वाकवलं वं?"

दुसऱ्या दिवशी त्याला अकोल्याला नेलं. डोक्यात गाठ निघाली, आणि त्या खोलीत तो पुन्हा आला नाही.

फळा कुणी पुसला नाही. कोण पुसणार, त्याचं शेवटचं अक्षर! पण परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरांनी तेच वहीत उतरवून घेतलेलं. मी म्हटलं, ते चुकलंय. तशी पुढच्या बाकावरची साक्षी उसळून म्हणाली, "सर कधी चुकले का मॅडम? आम्ही तं सरायचंच लिहू." असा संताप आला! मेलेल्या माणसाची चूक पोरांच्या पेपरात उतरू द्यायची, की त्याचं अक्षर पुसायचं? मधले काही दिवस मी फळ्याकडं पाठ करूनच शिकवलं.

शेवटी एके दिवशी कडं उचललं आणि साक्षीच्या पुढ्यात ठेवलं.

"बंद आहे का?"

"हाव."

"सपाट आहे का?"

तिनं बोटानं एक कोपरा दाबला, तर दुसरा वर आला. टक. "नाही, मॅडम."

"मंग मोजता काऊन?" मी ओरडले. शब्द भाऊचे होते. आवाजही त्याचाच लागला होता, मला स्वतःलाच भीती वाटली. साक्षीला रडू फुटलं. मलाही फुटलं, खोटं कशाला सांगू?

डस्टर घेतलं. फळ्यावरच्या शब्दातलं फक्त 'अँटी' पुसलं आणि त्या जागी 'नॉन' लिहिलं. पुढचं अक्षर त्याचं आहे, चित्रही त्याचं आहे. फळ्याचा तेवढा कोपरा सोडून मी आता शिकवते. पंखा लावला की टेबलावर कडं टकटकतं... आणि मोजायला लागलेली पोरं माना वर करून थांबतात.