साडूंच्या डाव्या हातातली तलवार

आपल्या दोन्ही हातांवर सारखंच प्रेम करणारा माणूस जगात मी एकच पाहिला, आणि तो माझा थोरला साडू निघाला. तुम्ही-आम्ही उजव्या हाताचे लाड करतो आणि डाव्याला पिशव्या धरायला लावतो. साडूंच्या राज्यात हे चालत नाही. सोमवारी दाढी उजव्या हाताने आणि मंगळवारी डाव्या हाताने होते, त्यामुळे मंगळवारी त्यांच्या हनुवटीवर हमखास कापसाचा बोळा असतो. घड्याळ सहा महिने या मनगटावर, सहा महिने त्या. एकदा मी न राहवून विचारलं, तर मला समजावून सांगू लागले, "पाव्हणं, दोगं एकाच आईची लेकरं. एकाला साय आन एकाला ताक, हे मला जमनार न्हाई."

साडू राहतात देवळाली प्रवरेला. सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात झाली. कुणाच्या उसाला तोड कधी द्यायची, कोणती टोळी कोणत्या मळ्यात उतरवायची, हे त्यांच्या वहीत ठरायचं, आणि ती वही म्हणजे साक्षात धर्मराजाची वही. ज्याच्या उसाची लागण आधी त्याची तोड आधी. मग तो गडगंज बागायतदार असो नाहीतर आमचे सासरे असोत. एका वर्षी सासऱ्यांच्या उसाला तुरे येऊन तो झुलायला लागला. सासरे बिचारे फेटा सावरत जावयाच्या दारात आले. "जावईबापू, तुरे आले की वो, वजन घटतंय!" साडूंनी चष्मा लावून वही पाहिली आणि म्हणाले, "मामा, तुरे लई झ्याक दिसत्यात. तुमचा नंबर आला की येतो." सासरे त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याशी सासूबाईंमार्फत बोलत होते.

हंगाम सुरू झाला की साडूंचा फोन गरम व्हायचा. ताटावर बसले तरी फोन, आंघोळीला गेले तरी दारावर अक्काची थाप. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. "आवो, वांबोरीवाले इचारत्यात, तोड कधी?" मग साडू निवृत्त झाले आणि तो फोन असा गप्प झाला की ते अधूनमधून मलाच नगरला फोन लावून विचारायचे, "पाव्हणं, आत्ता तुमीच केल्ता का फोन? न्हाई, वाजल्यासारखा वाटला." यावर हसायचं की नाही ते मला कधी कळलं नाही, म्हणून मी दर वेळी "हो, मीच केला होता" असं ठोकून द्यायचो.

अशा माणसाच्या हाती लेकीचा जुना कॉम्प्युटर लागला. लेक नोकरीला पुण्याला गेली आणि जाताना त्यात एक खेळ ठेवून गेली. राक्षस, किल्ले, जादूगार असलं सगळं असलेला, आणि देशभरातली माणसं एकाच वेळी आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात असा. सुरुवातीला आपला माणूस निवडायचा असतो. जादूगार साडूंनी नाकारला, कारण तो कष्ट करत नाही. तिरंदाज नाकारला, कारण तो लांबून मारतो. ढालवाल्याचा एक हात नुसता आडवा धरलेला, म्हणजे बिनकामाचा. मग त्यांना दिसला दोन हातांत दोन तलवारी घेतलेला योद्धा, आणि साठी ओलांडलेला हा गृहस्थ खुर्चीतून उठून उभा राहिला. अक्का सांगते, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर एवढा उजेड पडला नव्हता.

योद्ध्याला नाव द्यायचं तर साडूंनी शिरस्त्याप्रमाणे नाव, वडिलांचं नाव, राहणार, तालुका, जिल्हा असं लिहायला घेतलं. ते चौकटीत मावेना, म्हणून ते पुढून-मागून एकेक गोष्ट खोडत गेले, आणि शेवटी जे उरलं ते "रा. देवळाली". आजही राक्षसांच्या मुलखात हा वीर त्याच नावाने ओळखला जातो. मग आली गुणांची वाटणी. ताकद, चपळाई, दम, नशीब, यांत मिळालेले गुण आपल्या मर्जीने टाकायचे. नशिबाला साडूंनी भोपळा दिला. "नशीब धरून शेती केली असती तर पाट कशाला खांदला असता?" दमालाही काही नाही, कारण राहुरी तालुक्यातल्या माणसाला दम उपजतच असतो. सगळं ताकदीत. आणि तलवारी? दोन्ही हातांत पुरुषभर लांबीचे, जडशीळ, एकसारखे खांडे. वजनात एका मुंगीचाही फरक नाही.

आता असं दोन खांड्यांचं ओझं घेतलेला वीर कसा लढणार? उजवा वार सुटायचा, तो संपेपर्यंत डावा उचलायचा, तोवर समोरचा राक्षस बाजूला सरकून मागून येऊन पोहोचायचा. तीन वारांत योद्ध्याला धाप लागायची आणि चौथ्याला तो आडवा. हे पडद्यावरच असं होतंय की मुळातच काही चुकतंय, याची खात्री करायला साडूंनी सुबाभळीच्या दोन काठ्या तोडल्या आणि अंगणात दुहाती सराव मांडला. पहिल्या दिवशी बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया गेल्या. दुसऱ्या दिवशी तुळशीची कुंडी. तिसऱ्या दिवशी शेजारचे तात्या कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, भाऊंना कुनाचा तरास हाय का?" अक्का कुरडयांचे तुकडे वेचत म्हणाली, "जनमभर दुसऱ्याचा ऊस तोडला. आता हवा तोडत्यात."

तरीही साडूंना एका चमूत जागा मिळाली होती. पाच जणांचा चमू, दर रविवारी दुपारी चारला किल्ल्यावर चढाई. चमूची कॅप्टन सांगलीकडची एक मुलगी होती, कुठल्याशा बँकेत नोकरी करणारी, आणि कॉम्प्युटरमधून येणारा आवाज असा करडा की राक्षसाने अर्ज भरून रांगेत उभं राहावं. दर रविवारी साडू सर्वांत आधी मरायचे. कॅप्टनने त्यांना किती वेळा समजावलं असेल! काका, उजव्या हातात जड घ्या, डाव्यात हलकी, छोटी कट्यार घ्या. उजवा मारेल, डावा भराभर टोचून त्याला जागेवर धरून ठेवेल. आणि थोडे गुण दमात टाका. साडूंचं उत्तर ठरलेलं. "ताई, माझ्या धाकल्या भावाला वाटनीत मी खडकाळ रान दिलं न्हाई. पह्यली निवड त्याला करू दिली. मग डाव्या हातानं माझं काय घोडं मारलंय?"

एका शनिवारी त्यांचा मला फोन आला. आवाज पडलेला. "पाव्हणं, उद्या या. शेवटचा चान्स दिलाय पोरीनं. उद्याबी पह्यला मेलो तर माझ्या जागी दुसरा घेनार." मी म्हटलं, अहो, खेळ आहे. ते म्हणाले, "खेळच हाय वो. पर रईवारी चारला 'काका कुठं हायेत?' म्हनून चौघं थांबत्यात. दुसरं कोन थांबतंय आता माझ्यासाठी?" मी मुकाट्याने सकाळची एसटी धरली.

दुपारी हुलग्याच्या शेंगोळ्यांचं जेवण झालं. साडूंनी शेंगोळीसुद्धा एकदा या हाताने, एकदा त्या हाताने खाल्ली, पण लक्ष नव्हतं. तीन वाजता सरावाला बसले. मी बाजूला, स्टुलावर. किल्ल्याबाहेरच्या एका फुटकळ राक्षसाने, ज्याला म्हणे शाळकरी मुलंही लोळवतात, आमचे रा. देवळाली चार वारांत लोळवले. पुन्हा उठले, पुन्हा लोळले. पाचव्यांदा लोळले तेव्हा अक्का चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून पडद्याकडे बघत उभी राहिली.

"हे दोनी हातांनी नुसतं तोडतंयच का वो?"

"मग? दोनी हात सारखे हायेत त्याचे," साडू गुरकावले.

"आन धरून कोन ठेवतं? बांधतं कोन?"

"काय बांधायचंय त्यात? तू च्या ठेव."

अक्काने चहा ठेवला नाही. "आपल्या मळ्यात पाथर्डीची जोडपी उतरायची तोडीला. गडी तोडत म्होरं जायचा आन बाई मागनं गोळा करून मोळी बांधायची. दोगांनी नुसतं तोडलंच असतं तर सगळा ऊस सरीत लोळला असता, गाडी काय आपसूक भरली असती? आन बांधनारी कमी व्हती का? जाऊन म्हना बरं तिच्या तोंडावर! इळा हानला असता तिनं तुमाला."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल थोडं मागे सरकवलं. हीच गोष्ट ती सांगलीची पोर कित्येक रविवार सांगत होती, पण ती कट्यारीच्या भाषेत सांगत होती. मोळीच्या भाषेत आज पहिल्यांदा कुणी सांगितलं. साडूंनी उजव्या हातात चहा घेतला, डाव्या हाताने बटणं दाबली आणि योद्ध्याला देवळातल्या त्या म्हाताऱ्याकडे नेलं, जो दिलेले गुण परत घेऊन नव्याने वाटू देतो. दमाला भरपूर दिले. चपळाईला दिले. नशिबापाशी थोडा वेळ थांबले आणि इकडेतिकडे बघून एक गुण त्यालाही टाकला. डाव्या हातातला खांडा काढला, तेव्हा त्यांचा स्वतःचा डावा हात बटणांवरच आपोआप मिटला होता. त्या जागी वीतभर कट्यार आली.

चार वाजले. "काका, आलात?" कॅप्टनचा आवाज. "आलो," साडू म्हणाले, आणि चढाई सुरू झाली. काय सांगू तुम्हाला! मी नगरच्या मैदानात नामांकित कुस्त्या पाहिल्या आहेत, पण असा थरार नाही. उजवा हात घण घातल्यासारखा दणका देतोय आणि डावा टुचटुचटुच टोचत राक्षसाला जागचा हलू देत नाही. पायरीवरचा पहिला गेला, बुरुजावरचे दोन गेले. आत मोठा राक्षस, तीन तोंडांचा, तिन्हींतून जाळ. चमूतला तिरंदाज पडला. साडू उभे. जादूगार पडला. साडू उभेच! अक्का पदर तोंडात धरून म्हणत होती, "धर त्याला, सोडू नगं, धर!" साडूंनी धरला. इतका पक्का धरला की तिन्ही तोंडं त्यांच्याकडे वळली आणि रा. देवळाली त्या जाळात राख झाले. पण तेवढ्यात मागून कॅप्टनने घाव घातला आणि राक्षस कोसळला.

म्हणजे त्या दिवशी साडू तिसरे मेले. पहिले नाही.

पलीकडे आरडाओरडा चालला होता. त्यातून कॅप्टनचा आवाज आला, "काका, पुढच्या रविवारी वरचा किल्ला. चार म्हणजे चार. तुम्ही आल्याशिवाय सुरू करणार नाही." साडू काही तरी बोलले, ते कुणालाच ऐकू गेलं नसावं, कारण मला शेजारी बसूनही आलं नाही.

नंतर आम्ही तिघं ओट्यावर बसलो. समोर ऊस उभा होता, वारं पडलं होतं. मला वाटलं साडू आता लढाईचं वर्णन सुरू करतील आणि माझी शेवटची गाडी चुकेल. पण ते म्हणाले, "पाव्हणं, मला समदा तालुका न्यायी म्हनायचा. नंबर कधी चुकू दिला न्हाई. पर टोळी लिहून घेताना वहीत नाव गड्याचं लिहायचो. मोळी बांधनारीचं नाव एकदाबी इचारलं न्हाई मी." आणि आपली दोन्ही हातांची बोटं मांडीवर पसरून ती बघत राहिले.

"मला ठावं हायेत की," अक्का म्हणाली. "बांधावर च्या न्यायचे ना मी. गयाबाई व्हती. पारूबाई, लेक झोळीत घालून यायची ती. मग ती रखमा, तिचा आवाज लई गोड. आन एक जन..." अक्काने कपाळाला बोट लावलं. "हिरवं लुगडं नेसायची. कपाळावर गोंदलेलं. काय बरं नाव तिचं?"

"उंच व्हती का?" साडूंनी विचारलं.

"उंच नव्हं. हसायची लई."

साडूंनी डोळे मिटले. ऊन उसाच्या शेंड्यांवरून उतरत होतं, आणि ती दोघं, एक इकडच्या टोकाला आणि एक तिकडच्या, त्या हसऱ्या बाईचं नाव आठवत बसली होती. मी गाडीला निघालो तेव्हाही ते आठवलं नव्हतं.