परातीतला कण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते मेश्राम सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. सर मला भूगर्भशास्त्र शिकवायचे. काल आईच्या पेटीत एक काचेची कुपी सापडली आणि सावली गावाजवळचा तो नाला आठवला.

त्या आठवड्यात मी शिक्षण सोडून राइस मिलवर कामाला लागणार होतो. सरांनी मला नाल्यावर नेलं. पाण्याला सागाच्या कुजलेल्या पानांचा वास होता. सर वाकले, माझ्या परातीतली वाळू त्यांनी हाताने चाळवली आणि म्हणाले, "हलव आता. सोनं जड असते, पळून नाई जात."

वाळू वाहून गेली, तळाशी एक पिवळा कण चमकला.

"सर, हे सोनं आहे?"

"मग का पितळ आहे लेका! आता जाशील का मिलवर?"

मी गेलो नाही. पुढे नोकरीत त्याच कणाच्या भरवशावर वरिष्ठांशी भांडलो आणि नाल्यावरच्या टेकडीत शोधाचे खड्डे घेतले. गारगोटीच्या शिरा लागल्या, सोनं लागलं नाही. माझं हसं झालं. सर खड्डे बघायला आले आणि चहा पिऊन गेले.

सरांचा कण तपासावा असं कधी मनातच आलं नव्हतं. काल तो कुपीतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नाल्यातलं सोनं दगडांवर आपटून चपटं, गुळगुळीत होतं. या कणावर कानशीचे सरळ ओरखडे होते. तो कुठल्यातरी अंगठीचा कीस होता.

आज सरांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर, तुम्ही नुसतं 'थांब' म्हटलं असतं, तरी मी थांबलो असतो. पण त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहूनही तुम्ही मला काही सांगितलं नाही. काऊन, सर?"